खाडीची नोंदवही : तिथी धरून पाणी कसं मोजायचं

“पूर्वी या खाडीत मुळे टोपलीनं मिळायचे.” तेरेखोलपासून वैतरणेपर्यंत, कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठच्या गावात मुळ्यांबद्दलचं, म्हणजे चिखलातल्या खाण्याच्या शिंपल्यांबद्दलचं, हे वाक्य कानावर येतं, आणि ते खोटं नसतं. पण ‘पूर्वी’ म्हणजे कोणत्या साली, टोपली केवढी, तेव्हा पाणी किती खारं होतं, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं. मग एखाद्या वर्षी मासे मरून काठाला लागतात, किंवा नवी जेटी, वाळूउपसा, सांडपाण्याची वाहिनी असा विषय ग्रामसभेत येतो. तेव्हा गावाकडे आठवणी असतात आणि समोरच्याकडे अहवाल. तो अहवाल दोन-चार दिवसांच्या नमुन्यांवर बेतलेला असला, तरी कागदावर असतो.

ज्यांना स्वतःच्या खाडीची नोंद ठेवायला सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शाळा-कॉलेजचे शिक्षक, विद्यार्थी, होडी असलेली तरुण मुलं, पंचायतीतले उत्साही लोक, कुणीही हे करू शकतं. महागडी यंत्रं नंतर येतील. आधी लागते ती शिस्त: तीच जागा, पाण्याची तीच वेळ, मोजण्याची तीच पद्धत, आणि हे सगळं वर्षानुवर्षं.

आधी आपली खाडी ओळखा

सह्याद्रीतून निघालेल्या आपल्या नद्या आखूड आणि उताराच्या. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे एकाच जागी मे महिन्यात पाण्याची क्षारता समुद्राइतकी, म्हणजे ३५ पीपीटीच्या आसपास (एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) असू शकते आणि जुलैत तेच पाणी जवळपास गोडं होतं. खाडीतले जीव या टोकाच्या बदलाला सरावलेले आहेत. म्हणून जुलैत क्षारता शून्याला आली म्हणून घाबरायचं नसतं. मे महिन्यात ती अचानक उतरली तर मात्र कारण शोधायचं.

प्रत्येक खाडीची तऱ्हाही वेगळी. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणी येतं, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही दाभोळच्या खाडीला वरून गोडं पाणी मिळत राहतं. तारकर्लीजवळच्या कर्लीच्या खाडीला असं बाहेरचं पाणी नाही. या दोन खाड्यांचे मे महिन्याचे आकडे शेजारी ठेवून ‘ही चांगली, ती वाईट’ म्हणणं चुकीचं आहे. भरतीची उंचीही उत्तरेकडून दक्षिणेकडे कमी होत जाते. मुंबई-ठाण्याकडे उधाणाच्या दिवशी (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, मालवणकडे तो दोन मीटरच्या आसपास असतो. आपली खाडी आपल्याच खाडीच्या मागच्या वर्षांशी ताडायची.

कामाला लागण्यापूर्वी एक दिवस फक्त माणसांकडे जा. पाग टाकणारे काका, मुळे-तिसऱ्या काढणाऱ्या मावश्या, होडी चालवणारे दादा. मेमध्ये खारं पाणी कुठवर चढतं, कुठल्या कोंडीत पाणी साचून राहतं, कुठे चिखलात पाय रुततो, कुठला व्हाळ पहिल्या पावसात काळा येतो, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. त्यांना विचारल्याशिवाय नकाशावर ठिपके काढू नका.

दिवस तारखेनं ठरवू नका, तिथीनं ठरवा

नवखे लोक बहुतेक वेळा ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला’ असं ठरवतात. त्यानं सगळी मेहनत वाया जाते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. या महिन्यातल्या रविवारी आठ वाजता भरलेली खाडी असेल, पुढच्या महिन्यात त्याच वेळी सुकती लागलेली असेल. मग क्षारता ३० वरून १८ वर आली ती खाडी बदलली म्हणून, की तुम्ही वेगळं पाणी मोजलंत म्हणून? आकड्यावरून ते कळणारच नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजनही दिवसभर बदलतो. ऊन असताना पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती ऑक्सिजन तयार करतात, रात्री सगळेच तो वापरतात. म्हणून तो पहाटे सर्वांत कमी असतो आणि दुपारनंतर सर्वांत जास्त. म्हणजे पाण्याची वेळही तीच हवी आणि घड्याळाचीही तीच.

दोन्ही एकाच वेळी जुळवायची सोय आपल्या दर्यावरच्या माणसांनी कधीच करून ठेवली आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ आणि पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बारा. या वेळेला एक भरती आणि सुमारे बारा तासांनी दुसरी, मध्ये सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे आणि गावागणिक थोडा सरकतो. पण त्यातून निघणारी गोष्ट पक्की आहे: तिथी तीच असेल तर भरती जवळपास त्याच घड्याळी येते. म्हणून दर महिन्याला एकच तिथी धरा.

माझं मत विचाराल तर अमावस्या धरा. त्या दिवशी ओहोटी पहाटे पाच-सहाच्या सुमारास पूर्ण होते आणि भरती दुपारी बाराच्या आगेमागे. पहाटेच्या ओहोटीला नदीकडून आलेलं पाणी जास्तीत जास्त खाली उतरलेलं असतं आणि ऑक्सिजनही सर्वांत कमी झालेला असतो, म्हणजे खाडीची सर्वांत नाजूक अवस्था हातात येते. त्याच दिवशी दुपारी भरलेली खाडी मोजली की दोन्ही टोकं एका दिवसात मिळतात. शिवाय उधाणाची ओहोटी खोल जात असल्यानं शिंपल्यांची जागा उघडी पडते. तीन महिन्यांतून एकदा अष्टमीलाही एक फेरी करा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असताना, पाणी कमी हलतं, खाडीतली घाण लवकर बाहेर पडत नाही, आणि ते अमावस्येच्या आकड्यांत दिसत नाही.

प्रत्यक्ष वेळ मात्र पाऊणपटीवर सोडू नका. हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या सागरी माहिती संस्थेचे भरती-ओहोटीचे अंदाज मिळतात, बंदर खात्याच्या कार्यालयातही तक्ता असतो. तो जवळच्या बंदराचा असतो हे लक्षात ठेवा. खाडीच्या मुखाशी पाणी आधी वळतं, आणि लांब खाडीत वरच्या टोकाला ते तासाभरानं, कधी त्याहूनही उशिरा वळतं. म्हणून ओहोटीची फेरी मुखापासून सुरू करून वर सरकत जायची. होडी ओहोटीच्या मागोमाग जाते आणि प्रत्येक जागी साधारण तेच पाणी सापडतं.

जागा

पाच पुरे. मुखाजवळ एक, मधल्या पट्ट्यात दोन, मेमध्ये खारं पाणी जिथवर चढतं तिथे एक आणि त्याच्याही वर, कायम गोड्या पाण्यात एक. गटार किंवा नाला मिळतो त्याच्या तोंडात जागा धरू नका. तिथे फक्त नाला मोजला जातो, खाडी नाही. थोडं खाली, पाणी मिसळल्यावर घ्या. नाल्याचा नमुना हवाच असेल तर तो वेगळा आणि वेगळ्या नावानं.

जागा मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवाच, पण डोळ्यांची खूणही ठेवा: देवळाचा कळस आणि जेटीचा शेवटचा खांब एका रेषेत, अशी. फोन बंद पडतो, माणसं बदलतात. शक्य असेल तर निदान दोन जागा पुलावर किंवा जेटीवर ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नेमके तेच महिने आपल्या खाडीत सर्वांत मोठा बदल घडवतात. पुलावरून दोरी-बादलीनं घेतलेला नमुनाही चालतो. पावसाळ्यात खंड पडला तर वर्षाची नोंद अर्धीच राहते.

सामान

तापमापी, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, पीएच मीटर, सेची तबकडी, ऑक्सिजनच्या तपासणीचा संच, दोरी, बाटल्या, बर्फाचा डबा, पेन्सिल. रिफ्रॅक्टोमीटरवर प्रत्येक फेरीआधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे ना ते बघा. पीएच मीटर ७ आणि १० च्या बफरवर (ठाऊक पीएचच्या तयार द्रावणांवर) जुळवून घ्या आणि जुळवल्याची नोंदही लिहा.

सेची तबकडी घरी करता येते. पत्र्याची गोल तबकडी, व्यास २० सेंटीमीटर, चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवलेले, खाली वजन, वर दर दहा सेंटीमीटरला खूण केलेली न ताणणारी दोरी. होडीच्या सावलीच्या बाजूनं सोडायची, दिसेनाशी झाली की खोली वाचायची, आणखी थोडी सोडून वर घ्यायची, पुन्हा दिसली की वाचायची. दोन्हींची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता. ही पद्धत इटलीतल्या अँजेलो सेची यांनी १८६५ मध्ये वापरली आणि ती आजही तशीच चालते. वाळूउपसा सुरू झाला की सर्वांत आधी फरक या दोरीवर दिसतो. एक लक्षात ठेवा, अंधारात तबकडी दिसत नाही. पहाटेच्या फेरीत उजाडल्यानंतरच्या जागांवरच ती वापरा, किंवा दुपारच्या फेरीत.

पाणी घेताना

१. जागेवर पोचल्यावर आधी वेळ, आकाश, वारा, मागच्या दोन दिवसांतला पाऊस लिहा. पाणी कुठल्या दिशेला वाहतंय तेही लिहा.

२. इंजिन बंद. होडीच्या पुढच्या टोकाकडून, प्रवाहाच्या वरच्या बाजूनं पाणी घ्या, म्हणजे डिझेलचा तवंग नमुन्यात येत नाही.

३. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही.

४. तापमान लगेच, पाण्यातच किंवा बादलीत सावली धरून.

५. वरचं पाणी आणि तळाचं पाणी वेगळं घ्या. खारं पाणी जड असतं, ते तळानं आत शिरतं, आणि पावसाच्या दिवसांत वरून गोडं पाणी वाहत असतं. वर क्षारता ५ आणि चार मीटर खाली २५ असंही होऊ शकतं. तळाच्या पाण्यासाठी वजन बांधलेली बाटली, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. खाली गेली की झटका देऊन बूच काढायचं. हे पाणी क्षारतेला चालतं, ऑक्सिजनला नाही, कारण बाटली भरताना आतली हवा बुडबुड्यांनी त्यात मिसळते.

६. नायट्रेट, फॉस्फेट, अमोनियासाठीचे नमुने गाळून बर्फात ठेवा. जंतूंचा नमुना सहा तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाशी किंवा रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाशी आधी बोलून ठेवा. बाटल्या घेऊन अचानक दारात उभं राहण्यात अर्थ नाही.

ऑक्सिजन : इथे घाई नको

सगळ्या मोजमापांत मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं, आणि सर्वांत जास्त चुका यातच होतात. मीटर असेल तर त्यात क्षारता भरावी लागते. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: २८ अंशाला गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ७.८ मिलिग्रॅम मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४. मीटरमध्ये क्षारता शून्यच ठेवून मुखाजवळ मोजलंत तर आकडा फुगून येतो आणि आजारी खाडी निरोगी दिसते.

मीटर नसेल तर विंकलरची पद्धत, १८८८ पासूनची. काचेची ३०० मिलिलिटरची बाटली घ्या, रबरी नळी तिच्या तळापर्यंत घाला आणि पाणी हळूहळू भरून वरून वाहू द्या, दोन-तीन बाटल्या भरतील इतकं. एकही बुडबुडा नको. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचं द्रावण पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडा, बूच लावा, बाटली उलटी-सुलटी करा. आता बघा: तपकिरी गाळ बसायला लागला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, गडद तपकिरी म्हणजे भरपूर. गाळ पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ नाही. शाळेतल्या मुलांना हे एकदा दाखवा, वेगळं काही सांगावं लागत नाही. नेमका आकडा पुढे आम्ल घालून, टायट्रेशन करून (दुसरं द्रावण मोजून थेंबथेंब घालून) मिळतो. ही रसायनं कातडी जाळतात. हातमोजे घाला आणि उरलेलं द्रावण खाडीत ओतू नका, परत आणा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या किनारी पाण्याच्या वर्गवारीत शिंपले आणि मत्स्यशेतीच्या पाण्यासाठी ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, आंघोळीच्या पाण्यासाठी किमान ४ मिलिग्रॅम अशी पातळी दिली आहे. पहाटेच्या ओहोटीला तुमचा आकडा याच्या आसपास रेंगाळत असेल, तर त्या जागेची फेरी वाढवा.

जीवांची नोंद

पाणी येतं नि जातं, जीव तिथेच असतात. आठवड्यापूर्वी येऊन गेलेलं घाण पाणी बाटलीत सापडणार नाही, पण शिंपल्यांच्या मोजणीत सापडेल.

पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाजूची चौकट करा. तीन महिन्यांतून एकदा, अमावस्येच्या ओहोटीला, ठरलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर दहा ठिकाणी ती टाका. आवडीची जागा निवडून नाही, आधी ठरवलेल्या अंतरानं. चौकटीतला चिखल बोटभर खोल, नेहमी तेवढाच खोल, उकरून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुवा. मुळे, तिसऱ्या, खुबे, गोगलगायी, किडे मोजा. शिंपल्यांची लांबी मोजून त्यांना परत चिखलात सोडा. संख्या तेवढीच पण लहान शिंपले दिसेनासे झाले, तर नवी पैदास थांबली आहे. हे नुसती संख्या लिहून कळत नाही, म्हणून लांबी मोजणं सोडू नका.

सोबत मावश्यांची नोंद ठेवा: किती जणी, किती तास, किती किलो. एका बाईला तासाला किती मिळालं, हा आकडा शास्त्राच्या दृष्टीनंही उत्तम आहे. तो त्यांच्या परवानगीनं लिहा आणि त्यांची जागा बाहेर कुणाला सांगू नका.

कांदळवनात दहा बाय दहा मीटरचे तीन-चार चौकोन कायमचे आखा. तिवर, चिप्पी, कांदळ, काजळा, मारांडी, काय किती आहे ते मोजा आणि छातीच्या उंचीवर खोडाचा घेर घ्या. कांदळाची आधारमुळं वरपर्यंत असतात, तिथे सर्वांत वरच्या मुळाच्या वर मोजायचं. रोपं वेगळी मोजा. वर्षातून एकदा पुरे. दर वेळी त्याच खुंटावरून त्याच दिशेला एक फोटो घ्या. कांदळवन संरक्षित आहे, फांदी तोडायची नाही, आणि मालवणसारख्या अभयारण्यात वनखात्याची परवानगी आधी घ्यायची.

पक्षी जानेवारीत मोजा. त्या महिन्यात आशियाई पाणपक्षी गणना होते, तुमची मोजणी तिच्यात सामील करता येते. जमेल तसं इतरही लिहा: उद दिसला, निवट्या कमी झाल्या, रात्री पाणी निळं चमकलं, पहिल्या पावसात चढणीचे मासे कोणत्या तारखेला आले.

जीव सांभाळा

चिखलात एकट्यानं उतरायचं नाही. भरती लागण्याच्या अर्धा तास आधी बाहेर यायचं. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात, जुने कॅनव्हासचे बूट घाला, पाय घासत चला म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेली मासळी) बाजूला होते. सावित्री आणि वाशिष्ठीच्या वरच्या भागात मगरी आहेत, तिथे काठावर बसून बाटली भरू नका. लाइफ जॅकेट पट्टीच्या पोहणाऱ्यालाही.

वही

पेन्सिलीनं लिहा, शाई भिजली की जाते. चुकलं तर खोडू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा. ‘मोजलं नाही’ आणि ‘शून्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रिकामी जागा सोडू नका. त्याच दिवशी पानाचे फोटो काढा, आठवड्यात संगणकावर चढवा: एका नमुन्याला एक ओळ, एककं वरच्या रकान्यात. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा घ्या. दोन आकड्यांत जेवढा फरक येतो, तेवढा तुमच्या हाताचा. त्याहून लहान बदलावर बोलायचं नाही.

यंत्र बदललं तर जुनं लगेच टाकू नका. निदान तीन-चार महिने दोन्ही एकत्र चालवा. नाहीतर नव्या मीटरनं आणलेला बदल खाडीनं केला असं वाटेल.

शेवटची काही पानं घटनांसाठी ठेवा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, मे २०२१ चं तौक्ते, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर. अशा एका दिवसात खाडीचा तळ बदलतो. बंधारा फुटला, पूल सुरू झाला, गाळ काढला, तेही तारखेनिशी लिहा. दहा वर्षांनी आलेख वाचताना उत्तर बहुधा या पानांवर सापडतं.

मासे मेले तर

आधी मोजा, मग बोला. तिथल्या तिथे ऑक्सिजन, तापमान, पीएच, क्षारता. वेळ आणि भरतीची अवस्था. कोणती जात, किती, लहान की मोठे, कल्ल्यांचा रंग, फोटोत मोजपट्टी ठेवून. पाण्याच्या दोन बाटल्या बर्फात. जिथे मासे मेलेत तिथून प्रवाहाच्या वरच्या बाजूचा एक नमुना हवाच, तुलनेसाठी. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. कुणाचंही नाव पहिल्याच पत्रात घालू नका. शेवाळाची वाढ होऊन पहाटे ऑक्सिजन संपल्यानंही मासे मरतात आणि सोडलेल्या रसायनानंही. पहिल्या प्रकारात पहाटे ऑक्सिजन शून्याजवळ आणि दुपारी भरपूर दिसतो. हा फरक दाखवणारा कागद तुमच्याकडे असेल, तर पुढचं बोलणं सोपं जातं.

आकडे वाचताना

मे ची तुलना मे शी, ऑगस्टची ऑगस्टशी. पहिल्या वर्षी काहीही निष्कर्ष काढू नका, ते वर्ष फक्त खाडीची चाल शिकण्यासाठी. एखादा पावसाळा लांबला की पुढच्या दोन महिन्यांची क्षारता सरकते, तो बदल प्रदूषणाचा नसतो. पाच वर्षांनी कल दिसायला लागतो, दहा वर्षांनी तो ठामपणे मांडता येतो.

म्हणून पहिल्याच वर्षी दोन माणसं जास्त तयार करा. नोकरी लागून पोरं मुंबईला जातात, शिक्षकांची बदली होते. नव्या माणसानं निदान तीन फेऱ्या जुन्याच्या शेजारी उभं राहून त्याच बाटलीतलं पाणी स्वतः मोजावं, दोघांचे आकडे वहीत शेजारी लिहावेत, ते जुळले की मगच बाटली त्याच्या हाती द्यावी. वहीची एक प्रत शाळेत, एक पंचायतीत ठेवा, आणि दर अमावस्येनंतर मुख्य चार आकडे जेटीवरच्या फळ्यावर खडूनं लिहा: क्षारता, ऑक्सिजन, पारदर्शकता, तासाला किती किलो मुळे.